सीलर मारला, तिसऱ्या दिवशी कोबा पांढरा पडला (प्रेशर वॉशिंगवाल्यांनो, इकडे या)

ओलाचिंब (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रेशर वॉशिंगचं काम सुरू करून दीड वर्ष झालं. अंगणं, पार्किंग, गोदामाबाहेरचे कोबे धुतो. मागच्या सहा महिन्यांपासून सीलिंगही (धुतलेल्या कोब्याला पाणी आणि डाग अडवणारं रसायन, म्हणजे सीलर, लावणं) घेतो, कारण नुसत्या धुण्यात फारसं सुटत नाही आणि गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, "आता हे पुन्हा काळं होऊ नये म्हणून काय?"

परवाचं काम: घरासमोरचं गाडी लावायचं अंगण, ९०० चौरस फूट. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत धुतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, कडक उन्हात, कोबा पांढराफटक कोरडा दिसत होता म्हणून सॉल्व्हंटचा (उडून जाणाऱ्या द्रावकातला) ॲक्रिलिक सीलर मारला. पहिला हात फवारणी पंपाने, तासाभराने दुसरा हात रोलरने. एकूण ४० लिटर गेला. संध्याकाळी असा चमकत होता की मालकांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला.

तिसऱ्या दिवशी फोन. भिंतीलगत आणि खालच्या कोपऱ्यात दुधासारखे पांढरे ढग आलेत. मधोमध, जिथे ऊन पडतं, तिथे साबुदाण्याएवढे फुगे. आणि मध्येच बारीक निळे कण, ते काय आहे देव जाणे. मालकांनी अर्धे पैसे थांबवलेत आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर मीही थांबवले असते.

सीलर भेसळीचा असेल का? की माझंच काही चुकलं? आणि आता हे निस्तरायचं कसं?

पाइपवाला

निळे कण म्हणजे आमच्या निळी_बादली ताई तिथे येऊन गेल्या असणार. :)

कोबापुराण

सीलरला दोष देण्याआधी हिशेब मांडू. बहुतेक ॲक्रिलिक सीलर पहिल्या हाताला लिटरमागे ५० ते ८० चौरस फूट जातात, कोबा किती पितो त्यावर. मधला ६० धरा. ९०० फुटांना पहिल्या हाताला १५ लिटर. दुसऱ्या हाताला कोबा कमी पितो, म्हणजे ११-१२ लिटर. एकूण सव्वीस-सत्तावीस. तुम्ही घातलेत ४०. म्हणजे दीडपट जाड थर, तोही तासाभराच्या अंतराने आणि तापलेल्या कोब्यावर. वरची कातडी आधी सुकली, आतला सॉल्व्हंट बाहेर पडायला गेला, वाट मिळाली नाही, फुगा झाला. फुग्यांचं कोडं इथेच सुटलं.

आणखी एक कारण, जे डब्यावर सहसा लिहिलेलं नसतं. कोब्याच्या बारीक छिद्रांत हवा असते. सकाळपासून दुपारपर्यंत कोबा तापत जातो, हवा फुगते, वर येते आणि ओल्या सीलरला टोचून बुडबुडे काढते. उन्हं कलल्यावर कोबा निवायला लागला की हवा आकसते आणि सीलर उलट आत ओढला जातो. म्हणून मी दुपारचे चार वाजण्याआधी रोलर हातात घेतच नाही. हवेचं तापमान बघू नका, कोब्याचं बघा. लेझर थर्मामीटर असेल तर १० ते ३२ अंशांच्या मध्ये कोबा असताना काम करा. नसेल तर तळहात टेकवा. आरामात टेकवून ठेवता आला नाही तर थांबा.

ढगांचं कारण वेगळं आहे. तिथे खाली पाणी अडकलंय.

ओलाचिंब

पण कोबा कोरडा होता हो. अगदी पांढरा. सकाळभर ऊन खाल्लेला.

कोबापुराण

वरून कोरडा. आपण धुताना मिनिटाला १५ लिटर पाणी त्याच्या अंगात ठोकतो, तेही दाबाने. वरचा पापुद्रा तासाभरात पांढरा दिसतो, पण खालचं पाणी दोन-दोन दिवस वर येत असतं. भिंतीलगत सावली, खालच्या कोपऱ्यात उतार, म्हणजे दोन्हीकडे ओल जास्त. ढग नेमके तिथेच आलेत, हे तुम्हीच लिहिलंय.

एक साधी चाचणी सांगतो. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा कोब्यावर ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद करायच्या आणि किमान १६ तास विसरून जायचं. उचलल्यावर प्लास्टिकला आतून दव दिसलं किंवा खालचा कोबा गडद झालेला असला, तर सीलरचा डबा उघडायचा नाही. एक तुकडा उन्हात लावा, एक सावलीत. उन्हातला नेहमीच गोड बोलतो.

दणादण

एवढं काय नाटक करायचं? मी गेली कित्येक वर्षं आज धुतो, उद्या मारतो. पानं उडवायचा ब्लोअर फिरवला की झालं. एकदाही तक्रार नाही.

हिशेबी

दणादण, तुम्ही कुठला सीलर मारता ते लिहा की. बाकीच्यांचा गैरसमज व्हायला नको.

दणादण

सिलेन-सिलोक्सेनवाला. आत मुरणारा.

हिशेबी

मग बरोबर आहे. तुमची गोष्ट वेगळी, ओलाचिंब यांची वेगळी. आत मुरणारा सीलर वर थर करत नाही. छिद्रांच्या भिंतींना पकडून बसतो, पाणी आत येऊ देत नाही, पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो. त्यामुळे थोडी ओल राहिली तर तो फार आत जात नाही, काम जरा कमजोर होतं, पण ढग वगैरे काही दिसत नाहीत. गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. ॲक्रिलिक म्हणजे वर पसरलेली कातडी. त्याच्याखाली पाणी राहिलं की त्याची चुगली सगळ्या गल्लीला दिसते.

दणादण

"काम जरा कमजोर होतं" हे टोचलं. पण असो, प्लास्टिक लावून बघतो.

निळी_बादली

पाइपवाला, मी निर्दोष आहे. :)

मी आणि माझा भाऊ मिळून हाच धंदा करतो. ओलाचिंब, दुरुस्तीआधी एक बघून घ्या. ढग दोन प्रकारचे असतात आणि दिसायला सख्खे भाऊ असतात. एक म्हणजे थरात ओल अडकून आलेला पांढरेपणा. दुसरा म्हणजे थराखाली आलेला लोणा. पाण्याबरोबर सिमेंटमधला चुना वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळतो आणि पांढरा क्षार होऊन बसतो.

वेगळे कसे ओळखायचे? झायलीन या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेलं फडकं ढगावर हातभर जागेत घासा. झायलीन ॲक्रिलिकला पुन्हा पातळ करतं, अडकलेली ओल निघून जाते. जागा स्वच्छ झाली आणि सुकल्यावर स्वच्छच राहिली तर पहिला प्रकार. ओलं असताना गायब झालं आणि सुकल्यावर पुन्हा पांढरं, तर खाली लोणा आहे. मग कितीही झायलीन ओता, पैसे वाहून जातील. थर पूर्ण काढावा लागेल.

पहिला प्रकार असेल तर सकाळी कोबा गार असताना थोड्या थोड्या भागावर झायलीन पसरायचं, लगेच रोलर फिरवायचा, पुढे सरकायचं. बारीक फुगेही त्यातच बसतात. फार जाड थर असेल तर नाही बसत. कार्बनचं काडतूस असलेला मास्क लावाच, कापडाचा नव्हे. आसपास ठिणगी, बिडी, गाडीचं इंजिन काही नको. झायलीनची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबची ठिणगीही तिला पुरते.

फक्त_वाचक

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: आधी कुणीतरी सीलर मारलेला आहे की नाही हे कसं ओळखायचं?

निळी_बादली

पाण्याचे थेंब टाका. थेंब मुरून कोबा गडद झाला तर उघडा आहे. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर आधी काहीतरी मारलंय किंवा तेल मुरलंय. चार-पाच ठिकाणी टाका, एकाच ठिकाणी नको.

पाइपवाला

माझा मुद्दा सीलरचा नाही, पाण्याचा आहे. नवीन लोक दाबाच्या मागे लागतात. "माझी मशीन २०० बारची, तुझी किती?" अरे, घाण सोडवतो दाब, वाहून नेतं पाणी. दाब (बारमध्ये) गुणिले मिनिटाचे लिटर भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. २०० बार आणि १५ लिटर म्हणजे ५ किलोवॅट. तेवढ्याच ताकदीत १०० बारला ३० लिटर मिळतात आणि साध्या कोब्यावर ही दुसरी मशीन लवकर घरी पाठवते.

कोवळ्या कोब्यावर तर जास्त दाब म्हणजे पाप. ओतून २८ दिवस झालेले नाहीत आणि तुम्ही अरुंद नोझल लावून चार इंचांवरून मारलात की वरची सिमेंटची साय उडते, खडी उघडी पडते. ते परत येत नाही. धुतल्यावर रेघा दिसल्या तर घाबरू नका, आधी बघा कसल्या आहेत. शेवाळाच्या असतील तर हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) पातळ हात मारला की विरघळतात. खोदलेल्या असतील तर हात जोडायचे.

सरफेस क्लीनर घ्या. गोल झाकणाखाली दोन नोझल फिरतात, अंतर कायम राहतं, रेघा पडत नाहीत. गन फक्त कडेला आणि कोपऱ्यात. नोझलचे रंग पाठ करा: लाल शून्य अंश, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४०, काळा साबणाचा. लाल मी पेटीतून काढूनच टाकलाय.

आणि कामाला जाण्याआधी नळ मोजा. २० लिटरची बादली भरायला दोन मिनिटं लागली तर नळ मिनिटाला १० लिटर देतो. १५ लिटरचा पंप त्याला लावलात तर पंप उरलेली हवा ओढणार, आतून खडखडणार आणि सील घालवणार. मध्ये २०० लिटरचं पिंप ठेवलं तर ५ लिटरच्या तुटीवर ४० मिनिटं निघतात. तेवढ्यात रसायन मुरायला ठेवायची वेळ होते, पिंप पुन्हा भरतं. ट्रिगर सोडून गप्पा मारत उभे राहू नका. तेच पाणी पंपात गोल फिरतं आणि काही मिनिटांत चांगलंच तापतं.

(जाता जाता: गरम पाण्याचं हाय प्रेशर यंत्र युरोपात पहिल्यांदा आणलं ते जर्मनीच्या अल्फ्रेड कार्शरने, १९५० साली. तेलकट कोब्यासमोर गार पाणी घेऊन उभं राहिलं की तो माणूस आठवतो.)

ओलाचिंब

सगळ्यांचे आभार. उद्या झायलीनचं फडकं घेऊन जातो. तोवर एक विचारतो. त्याच अंगणात लोखंडी कुंडीच्या स्टँडचे गंजाचे डाग होते. हायपो मारला तर जास्तच तांबडे झाले. आम्ल मारू का?

आम्लपित्त

थांबा!!

हायपोवर आम्ल कधीही नाही. सोडियम हायपोक्लोराइट आणि आम्ल भेटले की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेलं क्लीनर मिसळलं तर क्लोरामाइन. उघड्या अंगणातसुद्धा खाली वाकून घासताना एक श्वास पुरतो. ज्या दिवशी हायपो, त्या दिवशी आम्ल नाही. आधी भरपूर पाण्याने खळखळून धुवायचं, फवारणीचे पंप वेगळे, बादल्या वेगळ्या, झाकणांना रंग वेगळे.

गंज तांबडा झाला कारण हायपो ऑक्सिडीकरण करतो. गंजाला ऑक्झॅलिक आम्ल लागतं. लोणा काढायलाही आम्लच, पण पातळ, आणि आधी कोबा पाण्याने ओला करून, म्हणजे आम्ल खोल मुरत नाही. तेलाला अल्कधर्मी डिग्रीजर आणि जमलं तर गरम पाणी. शेवाळ-बुरशीला हायपो: १२.५ टक्क्यांचा असेल तर एक भागात चार भाग पाणी, म्हणजे अडीच टक्के. दहा-पंधरा मिनिटं ठेवा, सुकू देऊ नका. झाडांना आधी पाणी पाजा आणि नंतरही. हायपो उन्हात ठेवून दोन महिन्यांनी काढलात तर तो नावापुरताच १२.५ उरलेला असतो. मग लोक म्हणतात शेवाळ चिवट आहे.

ज्या जागी आता सीलर आहे तिथे आम्ल मारून उपयोग नाही, ते डागापर्यंत पोचणारच नाही. सीलर काढलात तर आधी डाग, मग बाकी सगळं.

धुवायचं पाणी पावसाच्या गटारात सोडू नका एवढंच वर. ते पाणी बहुतेक ठिकाणी थेट ओढ्याला जातं.

एकबोटी

विषय निघालाच आहे तर माझ्या नावाची गोष्ट सांगतो. पाइपला टाचणीएवढं भोक पडून बारीक फवारा उडत होता. मशीन चालू ठेवून कुठे गळतंय ते मी बोटाने चाचपलं. काहीच दुखलं नाही. तर्जनीच्या टोकाला एक लाल ठिपका. मी हसून काम पुढे चालू ठेवलं. संध्याकाळी बोट वांग्यासारखं सुजलं, रात्री हात मनगटापर्यंत बधिर. डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता झालं?" मी म्हटलं सकाळी दहाला. त्यावर त्यांनी जे तोंड केलं ते विसरत नाही. बोट उघडून आतली घाण आणि रसायन काढावं लागलं. बोट आहे, पण टोकाला जाणीव नाही.

दाबाचं पाणी कातडी भेदून आत गेलं तर बाहेर ठिपकाच दिसतो. तो ठिपका घेऊन सरळ इस्पितळात जायचं आणि "हाय प्रेशरने टोचलं" हे शब्द वापरायचे. गळती शोधायची तर मशीन बंद करून, दाब सोडून.

पाइपवाला

आणि बंद तळघरात पेट्रोलची मशीन नाही. पंखे लावले तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हिशेबी

सगळं तांत्रिक बोलून झालं. मूळ चूक मला वेगळीच दिसते. ओलाचिंब, तुम्ही हे काम विकलंत कसं? "दोन दिवसांत धुऊन चकाचक" असंच ना?

ओलाचिंब

हो. तेच तर बोललो होतो. मालकांच्या घरी रविवारी कार्यक्रम होता.

हिशेबी

तिथेच अडकलात. धुणं आणि सीलिंग एकाच कागदावर एकच रक्कम करून विकलं की तुमच्याच दोन कामांत भांडण लागतं. एक काम कोब्यात पाणी भरतं, दुसऱ्याला ते पाणी नको असतं. मधले दिवस कुणाच्याच नावावर नसतात, म्हणून ते आपण खातो.

मी दोन वेगळी कामं लावतो. पहिलं धुणं: त्याचे पैसे धुऊन झालं की लगेच. मग प्लास्टिक चिकटवून येतो. दुसरं सीलिंग: मालाचे पैसे आधी, मजुरी नंतर. कागदावर एक ओळ असते, "चाचणीत ओल आढळल्यास किंवा पाऊस आल्यास तारीख पुढे जाईल, रक्कम बदलणार नाही." या ओळीवर आजवर कुणी कुरकुर केली नाही. उलट प्लास्टिकखालचं दव गिऱ्हाइकाला दाखवलं की तेच म्हणतात, "थांबा मग दोन दिवस." शंभर शब्दांनी पटत नाही ते त्या चार थेंबांनी पटतं.

आणि कार्यक्रमाआधी कधीही सीलिंग घेऊ नका. नुसतं धुऊन द्या. धुतलेला कोबाही पाहुण्यांना छानच दिसतो.

दुसरं, वेळेची वही ठेवा. माझं ९०० फुटांचं धुण्याचं काम: पाइप ओढणं, नळ मोजणं, झाडं झाकणं यात पाऊण तास. रसायन आणि मुरणं अर्धा तास. प्रत्यक्ष धुणं सव्वा तास. कडा आणि खळखळून धुणं चाळीस मिनिटं. आवरणं अर्धा तास. म्हणजे तीन तास चाळीस मिनिटांत मशीनने कोबा धुतला सव्वा तास! नवे लोक त्या सव्वा तासावर भाव काढतात. म्हणूनच लहान अंगण घ्यायचं तर किमान रक्कम ठरवून ठेवा, फुटांनी परवडत नाही.

काम घेण्याआधी जुन्या भेगा, उडालेली साय, डाग यांचे फोटो मालकांसमोर काढा. आणि कोपऱ्यात दोन बाय दोनचा नमुना करून दाखवा. ओल्यासारखी चमक हवी असं सगळे म्हणतात, पण नमुना बघून निम्मे लोक म्हणतात, "नको, साधाच बरा."

कोबापुराण

+१. चमकीबरोबर घसरणंही येतं. उतारावर ॲक्रिलिक असेल तर शेवटच्या हातात बारीक दाणे मिसळा. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा की दोन-तीन वर्षांनी नवा हात लागेल. हे आधी सांगितलं तर ते पुढचं काम असतं, नंतर सांगितलं तर तक्रार असते.

ओलाचिंब

काय झालं ते कळवतो. झायलीनचं फडकं चार ठिकाणी घासलं. भिंतीलगतचे तिन्ही ढग गेले ते गेलेच, आज दुसरा दिवस, जागा स्वच्छ आहे. खालच्या कोपऱ्यातला मात्र सुकल्यावर परत आला. नीट बघितलं तर पलीकडे फुलझाडांचा वाफा आहे, कोब्यापेक्षा उंच, आणि त्याला रोज पाणी घालतात. ती ओल कोब्याखालून येते. म्हणजे मी आठवडाभर वाळवला असता तरी तिथे ॲक्रिलिक टिकला नसता.

मालकांना फडक्याचा प्रयोग करून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "वाफ्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं." ठरलं असं: वरचा भाग मी झायलीन-रोलरने माझ्या खर्चाने नीट करणार. खालचा साधारण १२० फुटांचा भाग पूर्ण काढून, लोणा आणि गंज साफ करून, वाळवून तिथे आत मुरणारा सीलर. चमक दोन्हीकडे सारखी दिसणार नाही, हे त्यांनी लिहून मान्य केलं. वाफ्याचं पाणी अडवायचं काम त्यांचं. उरलेले पैसे ते झाल्यावर.

दणादण, तुमचा सिलेनवाला किती दिवसांनी पाणी अडवायला लागतो ते जरा सांगा.

दणादण

डब्यावरचं बघा, प्रत्येकाचं वेगळं. आणि हो, प्लास्टिक लावलं होतं. दुसऱ्या दिवशी खाली चांगलंच दव होतं. आता बोलत नाही मी काही.

निळी_बादली

ओलाचिंब, झायलीन मारताना रोलर कुठला वापरणार? कापडी, न झडणारा घ्या. फोमचा नको. झायलीनमध्ये फोम विरघळतो, त्याचे तुकडे थरात अडकतात.

ओलाचिंब

ताई... दुसरा हात मारला तो रोलर फोमचाच होता. निळा.